पेशंटसोबतच्या माणसाची जागा

मानसिक आजाराला ना ऑपरेशन थिएटर लागतं, ना मोठाली यंत्रं. डॉक्टर आहेत, गोळ्या आहेत, बोलायला चार खुर्च्या आहेत. मग त्यासाठी वेगळी इमारत कशाला? जुन्या वसतिगृहाचा एखादा मजला मोकळा करून दिला तर काय बिघडतं? हा प्रश्न विद्यापीठाच्या बांधकाम समितीत विचारला जातो आणि गावातही विचारला जातो. तो रास्त आहे, म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं.

मोडलेलं हाड वॉर्डात कितीही गोंगाट असला तरी वेळेवर जुळतं. मनाच्या आजारात मात्र झोप लागणं, भीती ओसरणं, समोरच्याशी दोन शब्द बोलावेसे वाटणं हीच सुधारणा असते, आणि या तिन्ही गोष्टी खोलीवर अवलंबून असतात. इथे इमारत हा उपचाराचाच एक भाग असतो.

हे प्रकरण समजून घ्यायला एक जिल्हा डोळ्यांपुढे ठेवू: अहिल्यानगर, म्हणजे कालपरवापर्यंतचं अहमदनगर. क्षेत्रफळ 17 हजार चौरस किलोमीटरच्या वर, राज्यात सर्वांत मोठं. तालुके 14. लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 45 लाखांच्या पुढे. एका टोकाला अकोले तालुक्याचा डोंगराळ आदिवासी भाग, दुसऱ्या टोकाला जामखेडचं अवर्षणप्रवण माळरान. जिल्ह्यात लोणीला प्रवरा परिसरात 1984 पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि 2003 पासून ते अभिमत विद्यापीठाचा भाग आहे. खेड्यात विद्यापीठ आणि रुग्णालय एकत्र उभं राहू शकतं, हे या जिल्ह्याला नव्याने सांगावं लागत नाही. अशा जिल्ह्यात मानसोपचार आणि संशोधनाची विद्यापीठीय इमारत बांधायची झाली, तर नकाशावर पहिली रेघ कुठे ओढायची?

1. फाटक कुठे असावं?

राज्यात सरकारची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ब्रिटिश काळापासून आहेत: नागपूर, ठाणे, रत्नागिरी आणि पुण्याचं येरवडा. नगरच्या माणसाला यांतलं जवळचं येरवडा, तेही सव्वाशे किलोमीटरवर. अकोले किंवा जामखेडहून निघालं की जाऊन-येऊन दिवस मोडतो.

ही रुग्णालयं ज्या काळात बांधली गेली त्या काळात औषधं नव्हती. पेशंटला समाजापासून दूर ठेवणं हाच उपाय समजला जाई. म्हणून उंच भिंती, एकच फाटक, लांबच लांब बराकी. आज आत काम करणारी माणसं आणि उपचाराची पद्धत बदलली आहे, तरी भिंतींचा धाक लोकांच्या मनातून गेलेला नाही. ‘याला येरवड्याला पाठवा’ हे आजही थट्टेत म्हटलं जातं. मग ज्या बाईला महिनाभर झोप नाही, ती अशा फाटकातून आत पाऊल कसं टाकणार?

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये 12 राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत दिसलं, की प्रौढांपैकी सुमारे 10.6 टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता आणि त्यांतल्या बहुसंख्यांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. याची कारणं अनेक आहेत, पण लाज हे त्यांतलं मोठं कारण. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की ही इमारत शांततेच्या नावाखाली गावाबाहेर माळावर टाकू नये. ती सर्वसाधारण रुग्णालयाच्याच आवारात असावी. फाटक तेच, केसपेपरची खिडकी तीच. रांगेत पुढे गुडघेदुखीचे आजोबा आणि मागे बाळंतिणीची तपासणी असली, की आपण कुठल्या खोलीत चाललोय हे कुणी विचारत नाही.

2. ऊन किती, कधी, कुठून?

आता आत जाऊ. 1984 मध्ये रॉजर उलरिक या अमेरिकन संशोधकाने ‘सायन्स’ नियतकालिकात एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. पेन्सिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या 23 जोड्या त्यांनी जुन्या नोंदींतून जुळवल्या. प्रत्येक जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसत होती, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले सरासरी 7.96 दिवसांत घरी गेले, भिंतवाले 8.70 दिवसांत. झाडंवाल्यांना वेदनेची तीव्र औषधंही कमी लागली.

मानसोपचारात याच्या जवळचे दोन अभ्यास आहेत. कॅनडातल्या एडमंटन इथे 1996 मध्ये दिसलं, की तीव्र नैराश्याचे जे पेशंट उन्हाच्या खोलीत होते ते सरासरी 16.9 दिवस राहिले आणि अंधाऱ्या खोलीतले 19.5 दिवस. मिलानमध्ये 2001 साली बेनेडेट्टी आणि सहकाऱ्यांनी द्विध्रुवी विकारातल्या, म्हणजे कधी टोकाचा उत्साह तर कधी टोकाची उदासी अशा आजारातल्या, नैराश्याच्या पेशंटची नोंद तपासली. पूर्वेकडच्या खोल्यांतले पेशंट पश्चिमेकडच्यांपेक्षा सरासरी 3.67 दिवस आधी घरी गेले. कारण समजायला अवघड नाही. सकाळचा उजेड शरीराचं झोपेचं घड्याळ जागेवर आणतो, आणि या आजारात ते घड्याळच बिघडलेलं असतं.

पण मिलान आणि एडमंटन थंड गावं आहेत. नगरला एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. इथे ‘भरपूर ऊन’ हा सल्ला जसाच्या तसा घेता येणार नाही, हिशेब करावा लागेल. नगर साधारण 19 अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी बारा-साडेबाराला सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून सुमारे साडेसत्तेचाळीस अंशांवर असतो. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तो 71 अंशांवर चढतो. जूनमध्ये तर डोक्यावरून किंचित उत्तरेला कलतो. आता दक्षिणेला पाच फूट उंचीची खिडकी धरा आणि तिच्या लगेच वर दोन फुटांचा छज्जा. मार्चमध्ये या छज्ज्याची सावली पावणेसहा फूट खाली उतरते, म्हणजे पूर्ण खिडकी सावलीत. डिसेंबरमध्ये ती जेमतेम सव्वादोन फूट उतरते आणि खालच्या पावणेतीन फुटांतून ऊन खोलीत येतं. दोन फूट काँक्रीटने थंडीत ऊब आणि उन्हाळ्यात सावली मिळते, वीज लागत नाही. पूर्वेच्या खिडकीला हा हिशेब लागू होत नाही, कारण सकाळचा सूर्य खालूनच येतो आणि छज्ज्याला चुकवतो. तिथे उभ्या जाळ्या किंवा थोड्या अंतरावर कडुनिंबाची रांग हवी. सातचं ऊन आत यावं आणि साडेनऊचं अडावं, एवढं साधलं की पुरे.

उष्णतेचा प्रश्न इथे केवळ सुखसोयीचा नाही. द्विध्रुवी विकारात लिथियम हे फार उपयोगी औषध आहे. मात्र अंगातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं, रक्तातलं प्रमाण वाढतं आणि औषध विषारी होऊ शकतं. तीव्र मनोविकारांवरच्या काही औषधांनी घाम येणं आणि शरीराचं तापमान आवरणं बिघडतं. म्हणून वॉर्डातून उठून दहा पावलांवर थंड पिण्याचं पाणी असणं आणि छतावर उष्णतारोधक थर असणं हे औषधाच्या चिठ्ठीइतकंच महत्त्वाचं. पाण्याचा माठ कॉरिडॉरच्या टोकाला, कुलपाच्या दाराआड ठेवणारा नकाशा पहिल्याच बैठकीत परत पाठवावा.

3. खुर्ची भिंतीला टेकवली की काय होतं?

कॅनडाच्या सॅस्कॅचवान प्रांतात 1950 च्या दशकात रॉबर्ट सॉमर हा मानसशास्त्रज्ञ वृद्धांच्या वॉर्डाचा अभ्यास करत होता. वॉर्ड नुकताच सुधारला होता: नवे रंग, नवं फर्निचर. तरीही बायका दिवसभर गप्प बसून राहत. सगळ्या खुर्च्या भिंतींना टेकून रांगेत होत्या. शेजारणीशी बोलायचं तर मान वळवावी लागे आणि समोरची खोलीच्या पलीकडच्या टोकाला. सॉमरने छोटी चौकोनी टेबलं आणवली आणि खुर्च्या त्यांच्याभोवती मांडल्या. काही आठवड्यांत बायकांमधलं बोलणं जवळपास दुप्पट झालं. पेशंट त्याच, परिचारिका त्याच.

मात्र फक्त गप्पांची जागा देऊन भागत नाही. ज्याला आवाज ऐकू येतात, आपल्यावर पाळत आहे असं वाटतं, त्याला माणसांपासून सुटण्याचीही जागा लागते. हे जुन्या वाड्यात छान जमलेलं असे. ओसरीवर कुणीही यावं, चौकात ओळखीच्याने, माजघरात घरच्याने, आणि त्याच्याही आत आपली एकट्याची खोली. किती माणसांत बसायचं हे ज्याचा तो पावलापावलाने ठरवी. वॉर्डाचा आराखडा असाच हवा: खोलीच्या दाराबाहेर दोघांपुरतं बाकडं, पुढे आठ-दहा जणांचा कट्टा, त्यापुढे सगळ्यांचा उघडा चौक. खोलीतून एकदम तीस माणसांच्या दालनात ढकललेला घाबरलेला पेशंट परत खोलीत जातो आणि पांघरूण डोक्यावर घेतो.

4. कायदा नकाशावर

6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे तामिळनाडूतल्या एरवाडी गावी एका खाजगी मनोरुग्ण आश्रमाच्या झोपडीला आग लागली. पेशंट साखळ्यांनी बांधलेले होते. 28 जण जळून गेले.

2018 मध्ये अमलात आलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 ने साखळीला पूर्ण बंदी घातली. हा कायदा वकिलांइतकाच वास्तुरचनाकारानेही वाचावा, कारण त्याच्या कलमांतून खोल्या निघतात. एकांतकोठडीवर बंदी आहे, म्हणजे जुन्या रुग्णालयांतली जाड दाराची कोठडी नकाशावरून गेली. तिच्या जागी चिडलेल्या पेशंटला शांत होता येईल अशी उजेडाची, मऊ फर्निचरची खोली हवी आणि तिथे परिचारिका सोबत बसू शकली पाहिजे. भूल दिल्याशिवाय शॉक ट्रीटमेंट देता येत नाही, म्हणून एकाऐवजी तीन खोल्या लागतात: वाट पाहण्याची, उपचाराची आणि शुद्धीवर येण्याची. शुद्धीवर येणारा पेशंट वाट पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोरून जाऊ नये, म्हणून बाहेर पडायचं दार वेगळं. अल्पवयीन पेशंट प्रौढांपासून वेगळे हवेत आणि त्यांच्यासोबत घरचं माणूस पूर्ण वेळ असायला हवं. तीन वर्षांखालचं मूल शक्यतो आईपासून तोडायचं नाही, म्हणजे महिला वॉर्डात पाळण्याची आणि दूध गरम करण्याची जागा आली.

नगर तालुक्यातल्या शिंगवे इथे डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांनी माऊली सेवा प्रतिष्ठानमार्फत रस्त्यावर सापडलेल्या बेवारस मनोरुग्ण स्त्रियांसाठी घर उभारलं. त्यांतल्या कित्येक स्त्रियांची मुलंही तिथेच वाढली. आई आजारी असली तरी मूल तिच्याजवळ राहू शकतं, हे या जिल्ह्याने पाहिलेलं आहे. विद्यापीठाच्या वास्तुरचनाकाराने परदेशी पुस्तकं चाळण्याआधी तिथे दिवसभर जाऊन बसावं.

सुरक्षेचं काय? स्वतःला इजा करण्याचा विचार मनात असलेले पेशंट वॉर्डात असणारच. तेव्हा काच न फुटणारी, कड्या-आकडे वजन न पेलणारे, आणि आतून अडवलं तरी बाहेरून उघडता येणारं दार, हे सगळं लागतंच. मात्र ते दिसता कामा नये. इंग्लंडमध्ये यॉर्क इथे विल्यम ट्यूकने 1796 मध्ये ‘रिट्रीट’ नावाचं मनोरुग्णांचं घर उघडलं, तेव्हा खिडक्यांची तावदानं लोखंडी चौकटीत बसवली आणि ती चौकट लाकडासारखी रंगवली. पेशंटला खिडकी दिसे, गज दिसत नसत. सव्वादोनशे वर्षांपूर्वी हे सुचलं होतं; आज आपण तोच विचार सोडून सरसकट ग्रिल ठोकतो, याचं मला वाईट वाटतं.

खाजगीपणाची एक बारीक गोष्ट नेहमी निसटते. समुपदेशनाच्या खोल्यांमधल्या भिंती बऱ्याचदा फॉल्स सीलिंगपर्यंतच नेतात. वर पोकळी राहते आणि एका खोलीतलं रडणं दुसऱ्या खोलीत ऐकू जातं. भिंत वरच्या स्लॅबला भिडवली आणि दाराखालची फट बंद केली, की हा प्रश्न फारशा खर्चाविना सुटतो.

5. सोबतचा माणूस

आता ज्या मुद्द्यासाठी हे प्रकरण लिहिलं, तो. पाथर्डीहून पेशंट आला तर तो एकटा येत नाही. आई येते, भाऊ येतो, कधी चुलता गाडी घेऊन येतो. पाश्चात्त्य नकाशांत या माणसांसाठी ‘भेटीची खोली’ असते, वेळ चार ते सहा. आपल्याकडे भेटीला येऊन परत जाणं परवडत नाही. सोबत राहणं हीच रीत. नकाशात त्यांना जागा नसेल, तर ते जिन्याखाली, कॉरिडॉरमध्ये, झाडाखाली सतरंजी टाकतात. मग शिपाई त्यांना हुसकतो, आणि डॉक्टरांना ज्या माणसाकडून घरातली हकीकत समजायची तोच चिडलेला, अर्धवट झोपेतला असतो.

1950 च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी पेशंटच्या नातेवाइकांसाठी आवारात तंबू ठोकले. घरची माणसं पेशंटसोबत राहू लागली, आजार म्हणजे काय हे शिकू लागली आणि पेशंट लवकर घरी परतू लागले. मानसोपचारात कुटुंबाला सोबत ठेवण्याची भारतीय पद्धत तिथून आली. पुढे वेल्लोर आणि बंगळुरूच्या संस्थांनी ती रुजवली. जगाला आपण दिलेली ही मोठी गोष्ट आहे, आणि नव्या इमारती बांधताना तिचाच विसर पडतो.

मग साधा हिशेब करू. समजा वॉर्ड 30 खाटांचा आहे आणि प्रत्येकासोबत एक माणूस रात्री राहतो. म्हणजे रात्री इमारतीत 60 माणसं आहेत, शिवाय कर्मचारी. पण संडास, मोऱ्या, पाण्याची टाकी, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, सगळं बहुधा 30 च्या मापाने बांधलेलं असतं. पहाटे साडेपाचला तिथे रांग लागते, आणि भांडणाचं खापर ‘पेशंट आक्रमक झाला’ म्हणून पेशंटवर फुटतं. म्हणून पहिला आकडा खाटांचा न धरता माणसांचा धरावा. प्रत्येक खाटेशेजारी भिंतीला जोडून अडीच फूट रुंद, सहा फूट लांब बाकडं हवं, दिवसा बसायला आणि रात्री झोपायला. बाकड्याखाली कुलपाचा कप्पा, कारण बरोबर आणलेले पैसे आणि मोबाइल उशाखाली ठेवून कुणी गाढ झोपू शकत नाही. स्त्री-पुरुष नातेवाइकांच्या मोऱ्या वेगळ्या.

त्यानंतर स्वयंपाक. एका कोपऱ्यात धूर बाहेर जाईल असा ओटा असावा, देखरेखीखाली. पिठलं-भाकरी रांधताना हात चालतात, बोलणं सुरू होतं, आणि पेशंटला कामात सामील करून घेता येतं. घरी गेल्यावर त्याला जे करायचंय त्याचाच हा सराव. कामाची सक्ती मात्र कायद्याने करता येत नाही, आणि करूही नये.

आणखी एक खोली हवी, जिचं नाव कुठल्याच आराखड्यात दिसत नाही: जिथे नातेवाईक पेशंटच्या माघारी बोलू शकेल. आईला सांगायचं असतं की मुलगा रात्री ओरडतो तेव्हा तिला त्याची भीती वाटते. हे ती त्याच्यासमोर कसं सांगेल? पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पुढाकार घेऊन स्थापन केलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनने कुटुंबांचे आधारगट चालवले. तिथे दिसतं की ज्याच्या घरी हाच आजार आहे त्याच्याशी बोलून जो धीर येतो तो डॉक्टरकडूनही येत नाही. अशा गटाला पंधरा जणांची खोली आणि चहाची सोय पुरते. ती वॉर्डाबाहेर, बाह्यरुग्ण विभागाच्या बाजूला असावी, म्हणजे पेशंट घरी गेल्यावरही कुटुंब येत राहील.

6. संशोधनाचं दार

विद्यापीठाची इमारत म्हटल्यावर प्रयोगशाळा आल्या. त्यांच्या गरजा तांत्रिक आणि स्पष्ट आहेत. एमआरआय जड असतं आणि कंपनांना हळवं, म्हणून तळमजल्यावर, लिफ्टपासून दूर. रक्ताचे नमुने उणे 80 अंशांवर ठेवायचे तर वीज गेली तरी चालणारा जनरेटर हवा, नाहीतर एका रात्रीच्या भारनियमनात वर्षांचं काम वितळेल. झोपेच्या प्रयोगशाळेला शांत, काळोखी खोली. विद्यार्थ्यांना मुलाखत पाहता यावी म्हणून एकतर्फी काचेची खोली, पण काचेपलीकडे कोण आहे हे पेशंटला आधी सांगून.

त्याहून मोठा प्रश्न वाटेचा आहे. संशोधनासाठी पेशंटची समजून-उमजून दिलेली संमती कायद्याने बंधनकारक आहे. संशोधक वॉर्डातूनच ये-जा करत असतील, तर ‘नाही’ म्हणणं पेशंटला जड जातं. उपचार करणारे आणि प्रश्नावली भरून घेणारे त्याला एकच वाटतात. म्हणून संशोधनाचं दार वेगळं असावं आणि संमतीची खोली दोन्हींच्या मध्ये. तिथून पेशंटला दोन्ही बाजूंना परत जाता यावं.

नगर जिल्ह्यात तर अर्धं संशोधन इमारतीबाहेरच आहे. जामखेडला डॉ. मेबल आणि डॉ. रजनीकांत आरोळे यांनी 1970 मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पात गावातल्या, बऱ्याचदा निरक्षर, बायका आरोग्यसेविका झाल्या आणि आठवड्याच्या बैठकीत एकमेकींकडून शिकत गेल्या. मनाचा आजार घरात लवकर ओळखणारं माणूस अशा सेविकेखेरीज दुसरं कोण? तेव्हा इमारतीत अशा सेविकांच्या, म्हणजे आशाताईंच्या, प्रशिक्षणाची आणि मुक्कामाची खोली प्राध्यापकांच्या दालनांआधी मंजूर व्हावी. गावी परतलेल्या पेशंटशी फोनवर बोलण्यासाठीही आवाज न जाणारे दोन कक्ष हवेत. 2022 पासून चालू असलेली टेलिमानस ही सरकारी सेवा 14416 वर मराठीतही मिळते. तिचा क्रमांक प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर छापायला खर्च शून्य.

7. इमारतीचीही तपासणी

स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरात 2006 मध्ये ओस्ट्रा मानसोपचार रुग्णालय उघडलं: स्वतःची मोरी असलेल्या एकेकट्या खोल्या, उघडे चौक, हलवता येणाऱ्या खुर्च्या, आवाज शोषणारी छतं. जुन्या इमारतीतल्या नोंदींशी तुलना केल्यावर पेशंटला बांधून ठेवण्याचं प्रमाण निम्म्यावर आलेलं दिसलं. हे कळलं ते जुन्या इमारतीतही प्रत्येक प्रसंग नोंदवलेला होता म्हणून.

आपल्याकडे ही तयारी पहिल्या दिवसापासून करता येईल, कारण संशोधक छपराखालीच बसलेले असणार. किती वेळा कुणाला धरून ठेवावं लागलं, किती रात्री नातेवाईक कॉरिडॉरमध्ये झोपले, मे महिन्यात वॉर्डाचं तापमान किती होतं, किती जण पुढच्या तपासणीला परत आले, हे दर महिन्याला लिहावं. आणि केसपेपरवर खाटेच्या क्रमांकाशेजारी एक छोटी चौकट छापावी: खिडकीची दिशा, पूर्व, दक्षिण, उत्तर की पश्चिम. मिलानचा निष्कर्ष चाळीस अंशांच्या नगरमध्ये टिकतो का, हे पाच वर्षांच्या केसपेपरांतून इथलाच एखादा पदव्युत्तर विद्यार्थी तपासू शकेल.